अनोळखी कंदमुळांची पेटी आणि शनिवारचं जेवण

सुगरण_नव्हे
नमस्कार मंडळी. शेजारची मैत्रीण घर बदलून गेली आणि जाताजाता भाजीची एक पेटी माझ्या ओट्यावर ठेवून गेली. "संपव गं, वाया जाईल," एवढंच म्हणाली. गाजरं, बीट आणि बटाटे सोडले तर आतलं एकही मूळ मी आजवर चिरलेलं नाही. शनिवारी रात्री घरचे सगळे जेवायला आहेत: सासूबाई-सासरे, दीर-जाऊ, त्यांचा मोठा मुलगा, आमची सहा वर्षांची कन्या आणि आम्ही दोघं. आठ पानं. पोटभरीचं, गरमागरम काहीतरी करायचंय. सोबत भात किंवा पाव.

फोटो चढत नाहीयेत म्हणून वर्णन देते.
१) पांढुरकं गाजर. डोक्याकडे चांगलं जाड, शेपटीकडे एकदम बारीक. वास गोडसर.
२) नारळाएवढा गोळा, खालून मुळांचा गुंता, सगळीकडे गाठी. सेलेरीचा वास येतो.
३) वरून जांभळट, खाली पिवळट, साल मेणचट चमकते. हातात घेतलं तर दगड.
४) दिसायला आलं, पण आल्याचा वास नाही.
५) काळ्या, मातकट, बोटभर जाडीच्या लांब काठ्या.
६) झाडाच्या सालीसारखी तपकिरी साल, आत पांढराशुभ्र गर. हे एक चांगलं कोपरापासून मनगटापर्यंत लांब आहे.

सासूबाईंना कवळी आहे, सासऱ्यांना मधुमेह. ओव्हन आहे, कुकर आहे, अख्खी दुपार हाताशी आहे. काय करू?

टोपलीतला_कांदा
१ पार्सनिप, २ सेलेरियाक, ३ रुटाबागा (स्वीड म्हणूनही विकतात), ४ जेरुसलेम आर्टिचोक, ५ बहुतेक स्कॉर्झोनेरा, ६ कसावा. पाचवं मोडून बघा, पांढरा चिकट चीक आला तर नक्की तेच.

आणि सहाच्या सहा एका जेवणात घालू नका. कशाचीच चव कळणार नाही.

रानवाट
थांबा जरा. ही पेटी बाजारातून आणलेली आहे की कुणी शेताच्या बांधावरून उपटून आणलंय? बाजारातली असेल तर माझा प्रतिसाद सोडून द्या. रानातली असेल तर मात्र इथे वर्णन वाचून कुणीही दिलेल्या नावावर विसंबू नका, माझ्याही नाही. पार्सनिपच्याच कुळात वॉटर हेमलॉक नावाची वनस्पती येते. तिचं मूळ पार्सनिप समजून खाल्ल्यामुळे माणसं दगावली आहेत. शिजवून विष जाईल असंही नाही.

सुगरण_नव्हे
@रानवाट, बाजारातलीच आहे. मैत्रिणीला फोन करून एकेक नाव विचारलं, टोपलीतला_कांदा यांची यादी तंतोतंत बरोबर निघाली. काळी काठी मोडली तर खरंच चीक आला आणि बोटं अजून चिकट आहेत.

खमंग
चिकाला पाणी लावू नका, तेल चोळा. मग साबण.

आचारी_बिनपगारी
बाकीच्यांचं नंतर बघू, आधी कसावा. या पेटीत चुकीच्या पद्धतीने केला तर अपाय करेल असा हा एकच कंद आहे.

कसाव्याच्या गरात आणि त्याहून जास्त सालीत लिनामारिन नावाचं द्रव्य असतं. कंद कापला, किसला, ठेचला की पेशी फुटतात, त्यातलंच एक एन्झाइम या द्रव्याला भिडतं आणि हायड्रोजन सायनाइड सुटतो. ऐकायला भयंकर आहे, पण जगात कोट्यवधी लोकांचं हे रोजचं मुख्य अन्न आहे आणि साबुदाणाही याच कंदाच्या स्टार्चपासून होतो. हा वायू पाण्यात विरघळतो आणि उष्णतेने उडून जातो, त्यामुळे सोडवणूक सोपी आहे. फक्त घाई करायची नाही.

साल दोन थरांची असते. वरची तपकिरी आणि तिच्या खालची जाडसर, गुलाबी-पांढरी. दोन्ही काढायच्या. सोलाणं चालत नाही. आधी बोटभर लांबीचे तुकडे करा, प्रत्येकाला सुरीने उभी चीर द्या आणि सुरीचं टोक आत सरकवून साल उचकटा, सबंध पट्टा निघून येतो. तुकडे काही तास भरपूर पाण्यात बुडवून ठेवा. ते पाणी फेकून ताज्या पाण्यात, झाकण न ठेवता, सुरी लोण्यात जावी तशी जाईपर्यंत उकळा. अर्धा तास लागतो, कधी जास्त. उकळलेलं पाणीही फेकायचं, रश्श्यात नाही घालायचं. मधोमध दोरीसारखा धागा असतो, तो शिजल्यावर सहज ओढून निघतो.

कच्चा कधीच खायचा नाही, किसून कोशिंबिरीतसुद्धा नाही. कापल्यावर आत निळ्या-काळ्या रेषा दिसल्या तर कंद शिळा झालाय, टाकून द्या.

पोळपाट
बापरे. मी असते तर अख्खी पेटी मैत्रिणीच्या नव्या पत्त्यावर पाठवली असती.

सुगरण_नव्हे
पत्ता दिला नाहीये तिने. आता कळतंय का ते.

मंदआच
बाकीच्या कंदांचं सांगतो. नावं पाठ करत बसू नका. हातात घेऊन दोनच गोष्टी विचारायच्या: हा किती घट्ट आहे, आणि यात साखर किती आहे. शिजायला लागणारा वेळ पहिल्यावरून कळतो, करपायचा धोका दुसऱ्यावरून.

रुटाबागा सगळ्यात घट्ट. बटाटा शिजून पीठ झाला तरी हा दाताखाली कचकच करतो. सेलेरियाक त्याच्या खालोखाल. गाजर मध्यम. पार्सनिप गाजरासारखं दिसलं तरी लवकर मऊ होतं आणि त्यात साखर जास्त, त्यामुळे गाजराला नुसता रंग चढतो तोवर याच्या शेपट्या काळ्या होतात. थंडीत जमिनीत राहिलेलं पार्सनिप जास्त गोड का लागतं, तर गारठ्याने त्यातल्या स्टार्चची साखर होते. जेरुसलेम आर्टिचोक बेभरवशाचा: दहा मिनिटं कडक, अकराव्या मिनिटाला लगदा.

म्हणून एका भांड्यात सगळं एकदम ओतायचं नाही. घट्ट आधी, मऊ नंतर, किंवा घट्टाचे तुकडे लहान आणि मऊचे मोठे. मी पहिली पद्धत वापरतो, कारण लहान तुकडे रश्श्यात हरवतात.

ओव्हनमध्ये 200 अंशांवर, साधारण 3 सेंमीचे तुकडे, तेल आणि मीठ चोळून: रुटाबागा 40 ते 45 मिनिटं, सेलेरियाक 35 ते 40, गाजर 30 ते 35, पार्सनिप 25 ते 30. ट्रेमध्ये एकच थर हवा आणि तुकड्यांमध्ये थोडी जागा. गर्दी केली की ते स्वतःच्याच वाफेत उकडतात, भाजत नाहीत. आठ माणसांना एक ट्रे पुरत नाही, दोन लागतील. मधे एकदा ट्रेंची वर-खाली अदलाबदल करा.

कुकरबाई
इतकं कशाला? सगळं कुकरात, तीन शिट्ट्या, वर फोडणी. आमच्याकडे कंद असेच होतात आणि सगळे जेवतात.

मंदआच
कुकरबाई, जेवतात याबद्दल वाद नाही. पण तीन शिट्ट्यांत पार्सनिपची खीर होते आणि सेलेरियाकचा वास सगळ्याला लागतो. मग अनोळखी भाज्या आणल्याचा उपयोग काय? सगळं एकाच चवीचं होणार असेल तर बटाटेच बरे.

कुकरबाई
उपयोग असा की पेटी संपते आणि माझा शनिवार वाचतो. त्यांच्या घरी आठ माणसं आहेत, खानावळीचे परीक्षक नाहीत.

आचारी_बिनपगारी
दोघांचंही थोडं थोडं बरोबर. रुटाबागा आणि सेलेरियाक मोठ्या तुकड्यांत कुकरात एक शिट्टी काढा, वाफ जिरू द्या. मग कुकर उघडून गाजर, कांदा, डाळ वगैरे घालून उघड्यावरच शिजवा. घट्ट कंदांची वीस मिनिटं वाचतात आणि मऊ कंदांचा लगदाही होत नाही. कसावा मात्र कुकरात नको, तो उघड्या पातेल्यातच.

कुकरबाई
एक शिट्टीवर तडजोड मान्य.

तिखटजाळ
रुटाबागा मला कडू लागतो, नवऱ्याला गोड. माझी जीभ बिघडलीय की त्याची?

आचारी_बिनपगारी
कुणाचीच नाही. रुटाबागा कोबी-मोहरीच्या कुळातला. त्यात ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त द्रव्यं असतात आणि ती किती कडू लागावीत हे चवीच्या एका जनुकावर ठरतं. काहींना ती ठळक जाणवतात, काहींना जेमतेम. लहान मुलांना कडूपणा तसाही जास्त बोचतो. उपाय: साल जाड काढा, चिमूटभर जास्त मीठ घाला (मीठ कडवटपणा दाबतं), सोबत गाजर किंवा पार्सनिपसारखं गोड काहीतरी ठेवा. आणि झाकण घालून तासभर रटरटवत ठेवू नका, कोबीचा तो ओळखीचा वास घरभर होतो.

सुगरणताई, तुमच्या रुटाबागावरची चमक मेणाचीच आहे. साठवणीत सुकू नये म्हणून लावतात. घासून निघत नाही, सालच काढायची.

आई_दोन_पिल्लांची
एक महत्त्वाचं राहिलं. घरात कुणाला सेलेरीची ॲलर्जी आहे का ते विचारून घ्या. सेलेरियाक म्हणजे सेलेरीचाच भाऊबंद. युरोपीय संघात खाद्यपदार्थांवर ज्या 14 ॲलर्जीकारक घटकांचा उल्लेख सक्तीचा आहे त्यात सेलेरी आहे, आणि सेलेरियाकही त्यातच धरतात. शिजवल्यावरही त्रास होऊ शकतो. मुलांनी हे आधी कधीच खाल्लेलं नसेल तर पहिल्यांदा थोडंसंच द्या.

सुगरण_नव्हे
विचारलं. कुणाला नाही. जाऊबाईंना शेंगदाण्याची आहे, ते माहीत होतंच.

बेत असा ठरतोय: एक मोठं पातेलं रस्सा, एक ट्रे भाजलेलं काहीतरी, आणि मुलांसाठी कसाव्याचे उकडून तळलेले तुकडे. जेरुसलेम आर्टिचोकही घ्यावा म्हणतेय. सूपमध्ये छान लागतो असं ऐकलं.

वायुपुत्र
आठ माणसं, बंद खोली, आणि जेरुसलेम आर्टिचोक. ताई, एकदा विचार करा.

पोळपाट
नाव पाहूनच कळलं हे कोण बोलतंय.

वायुपुत्र
चेष्टा नाही. यात स्टार्च जवळपास नसतो, त्याऐवजी इन्युलिन असतं. ते आपल्या लहान आतड्यात पचत नाही, तसंच मोठ्या आतड्यात जातं आणि तिथल्या जीवाणूंची दिवाळी होते. ज्याला सवय नाही त्याने वाटीभर खाल्लं तर रात्र पोट धरून काढावी लागते. आवडत असेल तर पहिल्या खेपेला माणशी दोन-तीन लहान तुकडे, बस. लिंबाचा रस घातलेल्या पाण्यात बराच वेळ उकळला तर आंबटामुळे इन्युलिनची थोडी फोड होते आणि त्रास कमी होतो. कमी होतो म्हणालो, बंद होत नाही.

पाहुण्यांना तर मी मुळीच वाढणार नाही.

मंदआच
अनुमोदन. चव अप्रतिम आहे, पण शनिवार त्याचा नाही.

साखरनियंत्रण
सासऱ्यांसाठी: दर 100 ग्रॅम कच्च्या कंदात कर्बोदकं ढोबळमानाने अशी. सेलेरियाक 9, रुटाबागा 9 च्या आत, पार्सनिप 18, बटाटा 17, कसावा 38. सगळी मुळं जमिनीखालचीच असली तरी हिशेब सारखा नाही. त्यांच्या वाटीत सेलेरियाक-रुटाबागा जास्त, पार्सनिप चवीपुरतं, आणि कसावा घेतलाच तर भात-पावाच्या जागी, त्यावर जादा नाही. डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर तेच खरं.

सुगरण_नव्हे
हे फार कामाचं. मला वाटत होतं पांढरं म्हणजे सगळं बटाट्यासारखंच.

आता प्रमाण सांगा कुणीतरी. आणि कवळीचं काय?

मंदआच
आठ जणांना मुख्य पदार्थ म्हणून सोललेले कंद दोन किलोच्या आसपास लागतात, माणशी पाव किलो. सोलण्याआधी जास्त घ्या, कारण सेलेरियाकचा बराचसा भाग गाठी आणि मुळांतच जातो. सेलेरियाकलाही सोलाणं नको. वरून-खालून सपाट काप काढून फळीवर उभा करा आणि मोठ्या सुरीने वरून खाली साल उतरवत जा. खालच्या खाचांत माती अडकलेली असते, तेवढा भाग सरळ कापून टाका. चिरल्याचिरल्या लिंबू पिळलेल्या पाण्यात, नाहीतर फोडी तपकिरी पडतात.

रस्सा मी असा करतो. रुटाबागा 800 ग्रॅम, सेलेरियाक 600, गाजर 400, तीन मोठे कांदे, अख्खा मसूर 250 ग्रॅम, लसूण हवी तेवढी, टोमॅटो तीन. जाड बुडाच्या पातेल्यात चार चमचे तेल तापवून कांदा नीट तपकिरी होऊ द्या, घाई इथे नको. कांदा काढून त्याच तेलात रुटाबागाच्या फोडी एका बाजूने चांगल्या लाल होईपर्यंत हलवायच्या नाहीत. बुडाला जे चिकटतं तोच रश्श्याचा रंग. मग लसूण, जिरं, मिरी, दीड लिटर गरम पाणी, बूड खरवडून घ्या. दहा मिनिटांनी मसूर, सेलेरियाक, गाजर आणि तो कांदा. मंद आचेवर अर्धा तास. (कुकरची तडजोड करणार असाल तर हे फोडी परतल्यानंतर: रुटाबागा आणि सेलेरियाक एक शिट्टी, मग बाकीचं घालून पुढे असंच.)

टोमॅटो मसूर पूर्ण शिजल्यावरच. याबाबतीत मी हट्टी आहे. कंद मऊ होतात ते पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन उष्णतेने सुटतं म्हणून. आंबट पाण्यात ते सुटायला फार वेळ लागतो. टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर सुरुवातीला पडलं की तासाभराने गॅस संपतो पण रुटाबागा तसाच. मसूरही तसाच. टोमॅटो शेवटी घालून दहा मिनिटं उकळा, झालं.

कवळीसाठी वेगळं काही करू नका. शेवटी दोन-तीन पळ्या रस्सा बाजूला काढून फोडी पळीच्या पाठीने चेपा. थोडा पातेल्यात परत घाला म्हणजे रस्सा दाट होईल, बाकीचा सासूबाईंच्या वाटीत.

तिखटजाळ
चिकन घालता येईल का यात?

मंदआच
येईल. मांडीचे तुकडे, कांद्याच्या आधी परतून बाजूला काढायचे आणि मसुराबरोबर परत घालायचे. मग मसूर निम्मा करा. छातीचे तुकडे इतका वेळ टिकत नाहीत, चोथा होतो.

खमंग
पार्सनिप रश्श्यात न घालता ट्रेमध्ये भाजा आणि वाढताना वरून ठेवा. लांब चिरा, जाड डोक्याच्या चार चिरा, शेपटीच्या दोन. मोठं असेल तर मधला दांडा दोरखंडासारखा असतो, तो काढून टाका. छोट्यांना गरज नाही. शेवटच्या दहा मिनिटांत चमचाभर मध आणि मोहरी फासलीत तर मुलं भांडतील. आधी फासू नका, मध जळतो.

बीट भाजणार असाल तर वेगळ्या ट्रेमध्ये. नाहीतर सगळंच गुलाबी.

आई_दोन_पिल्लांची
मुलांसाठी अजून एक: सेलेरियाक आणि बटाटा समप्रमाणात उकडून दुधा-लोण्यात घोटला की मुलं बटाटाच समजतात. फक्त बटाटा मिक्सरमध्ये फिरवू नका, स्टार्च सुटून खळ होते. बटाटा हाताने कुस्करा, सेलेरियाक खुशाल मिक्सरमधून काढा, त्यात स्टार्च कमी असतो. उकडल्यावर पाणी निथळून रिकाम्या पातेल्यात दोन मिनिटं मंद आचेवर कोरडं करून घ्या, हे विसरलात तर पातळ होतं.

रानवाट
मुलांना फसवून खायला घालण्याच्या मी विरोधात आहे. त्यांना तो गाठीगाठींचा गोळा हातात द्या, वास घेऊ द्या, सोलताना बघू द्या. अशा राक्षसी दिसणाऱ्या भाजीला मुलं नाही म्हणत नाहीत. लपवून घातलेली भाजी एकदा सापडली की पुढे साध्या बटाट्यावरही संशय.

आई_दोन_पिल्लांची
तुमच्या घरी सहा वर्षांचं कुणी आहे का हो?

रानवाट
होतं. आता सोळा वर्षांचं आहे आणि काहीच खात नाही. तरी माझं मत तेच.

पोळपाट
हाहाहा. वाखुसा (वाचनखूण साठवली).

सुगरण_नव्हे
झालं! काल रात्री आठही जण पोटभर जेवले, म्हणून सविस्तर लिहिते.

दुपारी कसाव्यापासून सुरुवात केली. साल उचकटण्याचं ते तंत्र बरोबर आहे, पण चीर गुलाबी थराच्या खालपर्यंत गेली पाहिजे, नाहीतर वरचीच तपकिरी साल सुटते आणि दुसरा थर तसाच राहतो. तीन तास पाण्यात, मग चाळीस मिनिटं उकळले. शिजलेला कसावा कडेने उकलतो, मधला धागा टोकाला धरून ओढला की सबंध बाहेर. हे काम पुतण्याने केलं, आनंदाने. कोरडे करून तळले तर बाहेरून कुरकुरीत, आतून बटाट्यापेक्षा चिवट-मऊ. मीठ-तिखट भुरभुरलं. ताट टेबलावर पोचेपर्यंत अर्धं रिकामं होतं.

सेलेरियाक सोलायला कन्येला शेजारी बसवलं (रानवाट, तुमचं ऐकलं). तिने त्याला "आजोबांचं गुडघं" म्हटलं आणि सासऱ्यांनी ते मनावर घेतलं. बटाट्याबरोबर घोटलेलाही थोडा केला (आईताई, तुमचंही ऐकलं), तिला काय घातलंय ते सांगूनच दिला. तीन चमचे खाल्ले. तीनच, पण खाल्ले.

रश्श्याला कुकरची एक शिट्टी वापरली, कारण रुटाबागा चिरतानाच माझा हात भरून आला होता. अख्खा धरून कापू नका कुणी, सुरी अडकते. आधी खालून एक चकती काढून तो फळीवर बसवला आणि मग अर्धा केला. टोमॅटो शेवटी घातले. सासूबाई पहिल्या घासाला म्हणाल्या, "कोबीचा वास येतोय आणि गोड लागतंय, नक्की काय आहे हे?" दुसऱ्यांदा वाटी पुढे केली म्हणजे पसंत पडलं. दिरांना रुटाबागा कडू लागला, त्यांनी वेचून बाजूला ठेवला. जनुक, दुसरं काय.

पार्सनिप सगळ्यात आधी संपलं. शेपट्या काळ्या झाल्या होत्या, त्याच जास्त आवडल्या लोकांना. सासरे मोजून दोन फोडींवर थांबले आणि मग कसाव्याच्या ताटाकडे असं बघत बसले की मीच भात मागे घेतला आणि चार तुकडे वाढले.

जेरुसलेम आर्टिचोक फ्रिजमध्येच आहे.

वायुपुत्र
देव तुमचं भलं करो.

मंदआच
भाजलेल्या शेपट्यांबद्दल बरोबर. पुढच्या वेळी मुद्दाम बारीक चिरा.

कुकरबाई
एका शिट्टीचा उल्लेख केल्याबद्दल आभारी आहे.

सुगरण_नव्हे
उरलंय बरंच. रश्श्याचं पातेलं रात्री उशिरापर्यंत गरम होतं, झोपण्याआधी लहान डब्यांत काढून फ्रिजमध्ये टाकलं. अर्धा सेलेरियाक, दोन कसावे, त्या काळ्या काठ्या आणि पाल्यासकट बीट शिल्लक आहे. काय किती टिकेल?

आचारी_बिनपगारी
रस्सा लहान डब्यांत काढलात ते उत्तम. पातेलं ओट्यावर रात्रभर ठेवायचं नाही. शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, आणि मोठं पातेलं आतून तासन्‌तास कोमट राहतं. तीन-चार दिवसांत संपवा, घेताना उकळी येईपर्यंत गरम करा. मसूर पाणी शोषून घेईल, पाणी घालून लिंबू पिळा, सूप होतं.

बिटाचा पाला आजच कापा, देठाचं बोटभर टोक ठेवून. पाला मुळातलं पाणी ओढत राहतो आणि मूळ मऊ पडतं. पाला फेकू नका, पालकासारखा परतून होतो. सेलेरियाकची कापलेली बाजू घट्ट झाकून फ्रिजमध्ये ठेवा, आठवडाभर चालतो. वापरताना वरचा तपकिरी पापुद्रा काढायचा.

काळ्या काठ्या न सोलता उकडा. वीसेक मिनिटांत शिजतात, गार पाण्यात टाकल्या की साल बोटांनी निघते आणि चीकही त्रास देत नाही. मग लोण्यात परतून मिरपूड. चव नाजूक आहे, मसाला घालाल तर काहीच उरणार नाही.

कसावा सगळ्यात आधी संपवायचा. काढणीनंतर दोन-तीन दिवसांतच त्यात त्या निळ्या-काळ्या रेषा यायला लागतात. मेण लावलेला असेल तर जास्त टिकतो. आज उद्या करणार नसाल तर दोन्ही साली काढून, तुकडे करून पिशवीत भरून फ्रीझरमध्ये ठेवा.

सुगरण_नव्हे
मेण लावलेलं नाहीये. आत्ताच सोलायला बसते. फ्रीझरमधला वापरताना आधी बाहेर काढून वितळवायचा का?

आचारी_बिनपगारी
नाही, गोठलेलाच सरळ उकळत्या पाण्यात. झाकण उघडं, पाणी भरपूर, आणि शेवटी ते फेकायचं.